पंख वाचायचा वर्ग

आल्डरमिल, विस्कॉन्सिन. टाउन हॉलच्या तळघरात
कॉफीचा वास, ओल्या कुत्रीचा वास
आणि लांब टेबलावर पंखांचा ढीग.
नुसते पंख. धड नाही, चोच नाही.
आर्लीन बुकहोल्झ, एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली,
त्याच आवाजात म्हणते:
बसा. एकेक घ्या. वाचा.

मुलं वाचतात.
निळा आरसा, दोन्हीकडून पांढरी किनार: मॅलार्ड.
तिसरा पंख माझ्या मृण्मयीच्या हातात,
खांद्यापाशी फिकट निळा,
खूप वेळा धुतलेल्या गणवेशासारखा.
ती अडते. आणि मागच्या खुर्चीवरून,
जिथून पालकांनी बोलायचं नसतं,
मी बोलून जाते: थापट्या.

सगळे वळतात.
चोच गवंड्याच्या थापीसारखी असते त्याची, मी सांगते.
हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला यायचे,
आमच्या उसाच्या पलीकडे, गोदावरीच्या फुगवट्यावर.
आर्लीन फळ्यावर लिहून घेते, तिच्या लिपीत, चुकीचं.
खोडत मात्र नाही.

मग शिसं. मोहरीएवढा दाणा.
पूर्वी हेच झाडायचो आम्ही. लागायचं नाही ते तळाशी जायचं,
बदकं खडे समजून गिळायची.
मान उचलता यायची नाही त्यांना,
म्हणत ती स्वतःची मान एका बाजूला टाकून दाखवते.
कुणी हसत नाही.

केंग व्हँग विचारतो:
आवडतात, तर मारायची कशाला?
आर्लीन बराच वेळ मार्करचं टोपण उघडत-मिटत राहते.
माझ्या आजोबांनी दलदल सुकवून गाजरं लावली.
चार वर्षं गाजरं. पाचव्या वर्षी जमीनच पेटली,
आतल्या आत, दोन महिने.
एकही गोळी न झाडता सगळी बदकं गेली.
ज्यांना ती परत हवी होती त्यांनी पैसे काढले,
तिकिटं घेतली, बंधारा घातला.
त्यातले बहुतेक शिकारी होते. काही नव्हते.
हे तुझं उत्तर नाही, कळतंय मला.

सप्टेंबर. मुलांसाठी राखलेला शनिवार.
पाणकणसांच्या आडोशाला आम्ही तिघी,
गुडघाभर काळा चिखल,
काडतुसं आर्लीनच्या खिशात, एका वेळी एकच मिळतं.
झुंजुमुंजू. डोक्यावरून शीळ घालत गेलेले पंख.
कोण? आर्लीन कुजबुजते.
बंदूक खांद्याशी.
ओळखू येत नाही, मृण्मयी म्हणते,
आणि नळी खाली येते.
मूल रस्ता ओलांडेपर्यंत बस थांबते, तशी आर्लीन थांबते.
शाबास वगैरे म्हणत नाही.

सातच्या उन्हात एक ओळखू येतं.
मी बघत नाही, फक्त ऐकते.
पिकल पोहत जाते, तोंडात अलगद घेऊन येते.
मृण्मयी ते गरम वजन दोन्ही हातांत धरून उभी,
नाक वाहतंय, पुसायला हात मोकळा नाही.
मग ती पंख उघडून मोठ्यानं वाचते:
निळ्या पंखाची टील.
मला वाटलं होतं थापट्या. चुकलं.

रात्री काळा मसाला घालून रस्सा केला,
मीच केला, दोनदा पाणी प्यायला थांबून.
दाताखाली कडकन काही आलं तिच्या.
दाणा धुऊन तिनं फ्रिजवरचं चुंबक जवळ नेलं. चिकटला.
पोलाद आहे, म्हणाली, शिसं नाही,
आणि पुन्हा भात कालवायला लागली.

आता फेब्रुवारी. गोठलेल्या पाण्यावरून चालत जाऊन
खांबांवरच्या पेट्या उघडायच्या,
जुना भुसा काढायचा, नवा भरायचा,
पिल्लं निघून गेलेल्या अंड्यांच्या कागदी साली मोजायच्या.
मृण्मयी हातमोजे काढून मोजते. नऊ.
दहावं अख्खंच, दगड झालेलं.
ती वही पुढे करते,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?